वकिलांची फर्म: करारनाम्यापासून वारशापर्यंत, इंदूरच्या अनुभवातून

आमचे सिनियर गेले त्या संध्याकाळी त्यांच्या टेबलावर दुसऱ्या दिवशीच्या नऊ पेश्यांच्या फायली ओळीनं लावून ठेवलेल्या होत्या. आमच्या इंदुरी मराठीत तारखेला पेशीच म्हणतात. प्रत्येक फायलीवर त्यांच्या हातची चिठ्ठी: साक्षीदार आणायचाय, नकल (कोर्टाची प्रमाणित प्रत) लावायची आहे, मुदत मागायची आहे. रामबागेतल्या त्या ऑफिसवर ‘अँड असोसिएट्स’ अशी पाटी वीस वर्षं होती. आम्ही पाच वकील तिथे बसत होतो. पण कागदावर फर्म नव्हतीच. करारनामा नाही, फर्मचा पॅन नाही, बँकेतलं खातं त्यांच्या एकट्याच्या नावाचं. बहुतेक वकालतनामे, म्हणजे वकीलपत्रं, हीसुद्धा त्यांच्या एकट्याच्या नावाची.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३, नियम ४ प्रमाणे वकील वारला की त्याचा वकालतनामा संपतो. म्हणजे एका रात्रीत दोनशेवर पक्षकार बिनवकिलाचे झाले. कोणाकडून किती फी येणं आहे ते मुन्शीजींच्या, म्हणजे ऑफिसच्या कारकुनांच्या, डोक्यात आणि थोडं एका लाल कापडी वहीत. त्यांच्या पत्नीला, काकूंना, तर कपाटात कोणत्या फायली आहेत हेही माहीत नव्हतं. सगळं निस्तरायला आम्हाला चौदा महिने लागले. काही पक्षकार गेले, काही फी बुडाली, आणि ज्यांनी वीस वर्षं तिथे घासली त्या दोन वकिलांमध्ये ‘हे पक्षकार कोणाचे’ यावरून जे बिनसलं ते आजही तसंच आहे.

त्यानंतर आम्ही तिघांनी मिळून फर्म काढली. त्या वेळी काय काय ठरवलं, काय चुकलं, आज पुन्हा काढायची झाली तर काय करीन, ते इथे क्रमानं लिहिते. नवी भागीदारी करू पाहणाऱ्यांना आणि वडिलांचं ऑफिस पुढे चालवणाऱ्यांनाही याचा उपयोग व्हावा.

पहिली पायरी: मालक कोण होऊ शकतो

इथूनच सुरुवात करायची, कारण बाकीचे सगळे निर्णय याच्यावर उभे आहेत. आपल्याकडे वकिलांच्या फर्मचा मालक फक्त वकीलच होऊ शकतो. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत स्पष्ट आहे: वकील नसलेल्या कोणाशीही भागीदारी करायची नाही आणि मेहनतान्याची वाटणीही करायची नाही. म्हणून सीए मित्राला भागीदार करून ‘एकाच छताखाली कर आणि कायदा’ असं दुकान काढता येत नाही. सीएला कामाची फी द्या, त्याच्या ऑफिसशी ये-जा ठेवा, पण नफ्यात वाटा नाही. पैसे घालणारा सासरा, जागा देणारा बिल्डर, केस आणून देणारा प्रॉपर्टी एजंट यांनाही तोच नियम. केस आणून देणाऱ्याला टक्केवारी देण्याची जी पद्धत कोर्टाच्या आवारात दिसते, ती फर्मच्या हिशोबात एकदा शिरली की बाहेर काढणं फार अवघड. पहिल्या दिवसापासून तिला दार बंद ठेवा.

इतर देशांत हे बदललंय. ऑस्ट्रेलियातली स्लेटर अँड गॉर्डन ही फर्म २००७ मध्ये शेअर बाजारात उतरली. इंग्लंडमध्ये २००७ च्या कायद्यानं बिगर-वकिलांना मालकीचा रस्ता मोकळा केला. अमेरिकेत ॲरिझोना राज्यानं २०२१ पासून ही बंदी उठवली. आपल्याकडे मात्र बाहेरचं भांडवल येऊ शकत नाही, म्हणून फर्मची वाढ भागीदारांच्या खिशातून आणि राखून ठेवलेल्या नफ्यातूनच होते. हे लक्षात ठेवा, पुढे पैशाच्या भागात त्याचं काम पडेल.

आणखी एक गोष्ट नवख्यांना माहीत नसते. बार कौन्सिलकडे फर्मची सनद निघत नाही. सनद वकिलाची, जबलपूरच्या राज्य बार कौन्सिलमधली, प्रत्येकाची वेगळी. कोर्टापुढे उभा राहतो तो वकील. फर्म म्हणजे त्या वकिलांचा आपसातला पैशाचा आणि जबाबदारीचा करार.

दुसरी पायरी: कोणता साचा घ्यायचा

व्यवहारात चार प्रकार दिसतात. एकट्याची वकिली, हाताखाली ज्युनियर: इंदुरात आजही बहुतेक ऑफिसं अशीच आहेत, आणि पाटीवर ‘असोसिएट्स’ असलं तरी कायद्यानं तो एकटाच मालक. दुसरा, चेंबर वाटून घेणं: भाडं, वीज, मुन्शी यांचा खर्च सामायिक, पक्षकार आणि फी ज्याची त्याची. तिसरा, १९३२ च्या कायद्याखालची भागीदारी. चौथा, २००८ च्या कायद्याखालची एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी.

चेंबर वाटून घेण्याला कमी लेखू नका. ज्या दोन वकिलांना एकमेकांच्या कामाच्या पद्धतीचा अंदाज नाही त्यांनी आधी दोन वर्षं हेच करावं. वीजबिलाची वाटणी ज्याला जड जाते, त्याच्याबरोबर नफ्याची वाटणी करू नये. हे मी अनुभवानं सांगते. चेंबर वाटताना एवढंच पाहा की पक्षकाराला तुम्ही फर्म आहात असं भासू नये. लेटरहेड वेगळं, पावती वेगळी.

भागीदारी आणि एलएलपी यांत निवड करताना लोक ‘जबाबदारी मर्यादित’ एवढं ऐकून एलएलपीकडे धावतात. फरक खरा आहे. साध्या भागीदारीत एका भागीदाराच्या चुकीसाठी सगळे भागीदार, आपल्या घरादारासकट, एकत्रितपणे आणि स्वतंत्रपणे जबाबदार असतात. एलएलपीत दुसऱ्याच्या चुकीसाठी तुमचं घर जात नाही, स्वतःच्या चुकीसाठी मात्र तुम्ही जबाबदार राहताच. पण एलएलपीला दर वर्षी मे अखेर वार्षिक विवरण, ऑक्टोबर अखेर हिशोबाचं विवरण भरावंच लागतं, काम नसलं तरी. उलाढाल ४० लाखांच्या वर किंवा भांडवल २५ लाखांच्या वर गेलं की ऑडिट आलं. आणि छोट्या व्यावसायिकांसाठीची ठोक नफ्याची सवलत, म्हणजे जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न धरून कर भरायचा आणि हिशोबाच्या वह्यांतून सुटायचं, ती एलएलपीला नाही. साध्या भागीदारीला ५० लाखांपर्यंतच्या जमेवर मिळते, आणि रोखीचा वाटा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाखांपर्यंत.

माझं मत: तीन-चार भागीदार, मुख्यतः दिवाणी, कौटुंबिक, भाडेकराराची कामं, तर नोंदणीकृत भागीदारी पुरते. कंपन्यांना लेखी सल्ला देत असाल, पीथमपूरच्या कारखान्यांचे मोठे करार तपासत असाल, जिथे एका चुकीच्या मतावर कोट्यवधींचा दावा होऊ शकतो, तिथे एलएलपी घ्या. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की वकिलांची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येत नाही. पण हलगर्जीबद्दल दिवाणी दावा आणि बार कौन्सिलकडची तक्रार हे रस्ते उघडेच आहेत, म्हणून साचा कोणताही असो, व्यावसायिक जबाबदारीचा विमा घ्या.

जुन्या कंपनी कायद्यात भागीदारीला २० जणांची मर्यादा होती आणि मोठ्या फर्म्सची त्यात फार ओढाताण होई. २०१३ च्या कायद्यानं वकील, सीए यांसारख्या विशेष कायद्याखालच्या व्यावसायिकांच्या भागीदारीला त्यातून सूट दिली. आपल्यासारख्यांना तो प्रश्न येणार नाही, पण कोणी वीसचा आकडा सांगितला तर तो जुना आहे हे माहीत असावं.

तिसरी पायरी: करारनामा, आणि तो लिहिण्याची वेळ

करारनामा गोडीगुलाबीत असतानाच लिहा. आम्ही तिघं एका रविवारी सकाळी बसलो आणि ठरवलं की आज फक्त वाईट गोष्टींबद्दल बोलायचं. कोणी आजारी पडलं तर, कोणाला न्यायाधीश व्हावंसं वाटलं तर, कोणी भांडून गेलं तर, कोणी मेलं तर. पहिला अर्धा तास कोणी नजर वर करत नव्हतं. दुपारी दोनला आमच्याकडे अकरा पानं होती, आणि पुढच्या सगळ्या वर्षांत आम्ही ती पानं पुन्हा पुन्हा उघडली.

करारनाम्यात जे लिहिलं नाही ते कायदा स्वतः भरतो, आणि कायद्याचं उत्तर बहुतेक वेळा तुम्हाला नको असलेलं असतं. १९३२ चा कायदा म्हणतो की वेगळं ठरलं नसेल तर नफा-तोटा समान, काम केल्याबद्दल भागीदाराला पगार नाही, भागीदार मेला की फर्म विसर्जित. मुदत ठरलेली नसेल तर कोणीही भागीदार लेखी नोटीस देऊन फर्म मोडू शकतो. या प्रत्येक ठिकाणी तुमचं स्वतःचं कलम हवं.

भांडवल कोणी किती घातलं आणि त्यावर व्याज किती, हे लिहा. करासाठी १२ टक्क्यांपर्यंतचं व्याज खर्च म्हणून चालतं. काम करणाऱ्या भागीदारांचं मासिक मानधन लिहा. करारनाम्यात मानधनाची तरतूद नसेल तर करात त्याची वजावट मिळत नाही, आणि ही चूक मी चांगल्या चांगल्या वकिलांच्या डीडमध्ये, म्हणजे करारनाम्यात, पाहिली आहे. बँकेतून किती रकमेवर दोन सह्या लागतील ते लिहा. नवा भागीदार सर्वांच्या संमतीनंच, हे कायद्यातही आहे, तरी लिहा. कोणती कामं फर्म घेणार नाही, हेही लिहून ठेवलंत तर पुढचे वाद टळतील.

बाळंतपण आणि दीर्घ आजार यांचं कलम आमच्या पहिल्या मसुद्यात नव्हतं. दोन्ही भागीदार चांगले, समंजस; पण त्यांना ते सुचलंच नाही. मी आग्रह धरला: सहा महिने पूर्ण मानधन, नफ्याचा वाटा त्या वर्षी कमी होणार नाही. चार वर्षांनी ते कलम सर्वांत आधी वापरलं ते एका पुरुष भागीदारानं, त्याच्या पाठीच्या ऑपरेशनच्या वेळी.

नाव ठरवताना नावात आडनावं घालायची असतील तर भागीदार निघून गेल्यावर नाव राहील की जाईल, हे तिथेच ठरवा. मुंबईतली क्रॉफर्ड बेली १८३० पासून त्याच नावानं चालू आहे, मूळ माणसं जाऊन दीड शतक उलटलं. उलट, १९१७ मध्ये सुरू झालेली अमरचंद मंगळदास ही देशातली एक सर्वांत मोठी फर्म २०१५ मध्ये दोन भावांत वाटली गेली आणि दोघांनी जुन्या नावापुढे आपापलं नाव लावून दोन फर्म्स उभ्या केल्या. घराच्या फर्ममध्ये आईवडिलांचा वाटा कोणाकडे जाणार, हा प्रश्न जेवणाच्या टेबलावर सुटेल असं धरून चालू नका.

चौथी पायरी: नोंदणी आणि बाकी कागद

करारनामा स्टँपवर करून फर्म्स अँड सोसायटीज रजिस्ट्रारकडे नोंदवा. नोंदणी सक्तीची नाही, पण नोंदणी नसलेली फर्म करारावरून दुसऱ्यावर दावा लावू शकत नाही आणि भागीदारही करारनाम्यावरून एकमेकांवर दावा लावू शकत नाहीत. वकिलांच्याच फर्मला हे व्हावं, यापेक्षा लाजिरवाणं काय? मग फर्मचा पॅन, कर कापण्यासाठी टॅन, फर्मच्या नावाचं चालू खातं, मध्य प्रदेशचा वृत्तिकर. जागा भागीदाराच्या घरची असेल तरी भाडेकरार करा, नाहीतर पुढे तो भागीदार गेला की ऑफिसही जातं.

पाटी आणि वेबसाइट याबाबत बार कौन्सिलचा नियम ३६ वाचून घ्या. जाहिरात करायची नाही, पाटी साधी, आणि २००८ पासून वेबसाइटला परवानगी आहे ती नाव, पत्ता, फोन, नोंदणी, शिक्षण आणि कामाचं क्षेत्र एवढ्यापुरती. ‘शंभर टक्के यश’ छापाच्या पोस्टी ज्युनियर हौसेनं टाकतात; त्याची झळ भागीदारांच्या सनदेला लागते.

पाचवी पायरी: पक्षकाराचा पैसा वेगळा, फर्मचा वेगळा

ही पायरी मी सर्वांत वर ठेवते. पक्षकार कोर्ट फी, नकल फी, कोर्टानं नेमलेल्या आयुक्ताचा भत्ता यासाठी पैसे देतो ते तुमचं उत्पन्न नाही. बार कौन्सिलचे नियम सांगतात की पक्षकाराच्या पैशाचा हिशोब ठेवायचा, मिळालेली रक्कम फीपोटी की खर्चापोटी ते नोंदवायचं, आणि खर्चाची रक्कम पक्षकाराच्या लेखी सांगण्याशिवाय फीकडे वळवायची नाही. यासाठी दोन खाती ठेवा. ‘पक्षकार अनामत’ नावाचं दुसरं चालू खातं उघडायला एक दिवस लागतो.

आमच्याकडे फायलीच्या आतल्या पुठ्ठ्यावर एक छापील तक्ता चिकटवलेला असतो. डावीकडे आलेला पैसा, उजवीकडे खर्च, शेवटी शिल्लक. सियागंजचे एक किराणा व्यापारी पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी सही करण्याआधी तो तक्ता बोट फिरवत वाचला आणि म्हणाले, “वकीलसाहेब, ही तर आमच्यासारखीच खातेवही झाली.” नंतर त्यांनी आपल्या दोन भावांची कामं आणली.

फी ठरवताना टप्प्यांत लिहून द्या: दावा दाखल, पुरावा, युक्तिवाद. निकालावर अवलंबून फी किंवा मिळणाऱ्या रकमेत टक्केवारी घेणं नियमांत बसत नाही, अपघाताच्या दाव्यांतही नाही. पक्षकाराला खटल्यासाठी उसने पैसे द्यायचे नाहीत. आणि फी थकली म्हणून फाइल अडवून ठेवता येत नाही. हा कायदा आपल्याच राज्यातल्या प्रकरणातून आला: भोपाळच्या एका सहकारी बँकेच्या वकिलानं थकलेल्या फीसाठी फायली धरून ठेवल्या, आणि सर्वोच्च न्यायालयानं २००० साली सांगितलं की वकिलाला फायलींवर असा ताबा सांगता येत नाही; फीसाठी दावा लावा. म्हणून फी आधी किंवा टप्प्यावर घ्या. थकलेल्या फीवर फर्म उभी राहत नाही.

जीएसटीबद्दल गोंधळ फार आहे, पण गाभा सोपा. व्यापार न करणाऱ्या व्यक्तीला दिलेली कायदेशीर सेवा माफ. नोंदणीच्या मर्यादेखालच्या छोट्या व्यापाऱ्याला दिलेली माफ. मोठ्या व्यापाऱ्याला किंवा कंपनीला दिली तर कर तो भरतो, तुम्ही नाही, आणि बिलावर तसं लिहायचं.

सहावी पायरी: नफा कसा वाटायचा

फर्म मोडते ती बहुतेक वेळा इथेच, म्हणून जरा थांबून लिहिते. आधी एक कल्पित उदाहरण. तीन भागीदार, वर्षाची जमा ६० लाख. भाडं, ज्युनियर, मुन्शी, पुस्तकं, सॉफ्टवेअर, वीज असा खर्च २४ लाख. उरले ३६ लाख. भांडवल १० लाख, त्यावर १२ टक्क्यांनी व्याज १ लाख २० हजार. राहिले ३४ लाख ८० हजार. भागीदारांच्या मानधनाची करातली कमाल मर्यादा: पहिल्या ६ लाखांवर ९० टक्के, म्हणजे ५ लाख ४० हजार, उरलेल्या २८ लाख ८० हजारांवर ६० टक्के, म्हणजे १७ लाख २८ हजार. एकूण २२ लाख ६८ हजार मानधन. ते प्रत्येकाच्या वैयक्तिक उत्पन्नात धरलं जाईल. उरलेल्या १२ लाख १२ हजारांवर फर्म ३० टक्के कर आणि ४ टक्के उपकर भरेल, सुमारे ३ लाख ७८ हजार. शेवटी वाटायला ८ लाख ३४ हजार, आणि ते भागीदारांच्या हातात करमुक्त. एप्रिल २०२५ पासून मानधन आणि व्याज मिळून भागीदाराला वर्षात २० हजारांच्या वर गेलं की फर्मनं १० टक्के कर कापायचा आहे. भागीदाराला पैसे देतानाही टीडीएस, हे अजून अनेकांच्या अंगवळणी पडलेलं नाही. नवा प्राप्तिकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू असल्यानं कलमांचे जुने क्रमांक डीडमध्ये घालू नका, ‘त्या वेळी लागू असलेल्या कायद्याप्रमाणे’ असं लिहा.

आता खरा प्रश्न: मानधन आणि नफा कोणाला किती? जगभर दोन टोकं आहेत. एकीकडे ज्येष्ठतेप्रमाणे वाटा, दर वर्षी ठरलेली पायरी वर. त्यात एकोपा राहतो, पण जोरात काम करणारा तरुण कंटाळतो. दुसरीकडे ज्यानं आणलं त्याचं. त्यात जोर राहतो, पण कोणी कोणाला पक्षकार दाखवत नाही, फायली कपाटात कुलूपबंद होतात. मधला रस्ता गुणांचा.

त्या किराणा व्यापाऱ्याचंच काम घ्या. ओळख माझी. दावा लिहिला एका भागीदारानं, तीन रात्री जागून. उलटतपासणी केली तिसऱ्यानं, आणि निकाल तिथेच फिरला. हे काम ‘माझं’ म्हणायचं? आम्ही तीन शीर्षकं केली: काम आणलं, काम केलं, ऑफिस सांभाळलं. तिसऱ्यात ज्युनियरांना शिकवणं, हिशोब पाहणं, मुन्शीच्या रजेची व्यवस्था लावणं, असं सगळं जे बिलात कधीच दिसत नाही. नफ्यातला ४० टक्के भाग समान, ६० टक्के गुणांवर. त्यात आणण्याला कधीही तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त वजन नाही. पक्षकार आणल्याचं श्रेयही तीन वर्षांपुरतंच. त्यानंतर तो पक्षकार फर्मचा. वारशानं मिळालेल्या ऑफिसात मुलगा ‘बाबांचे पक्षकार’ म्हणून जन्मभर वाटा मागतो तेव्हा हेच कलम उपयोगी पडतं.

गुण एप्रिलच्या पहिल्या शनिवारी, तिघांनी आधी आपापल्या कागदावर लिहून, मग एकत्र उघडायचे. पहिल्या वर्षी मी स्वतःला ऑफिस सांभाळल्याचे शून्य दिले होते आणि त्या दोघांनी मला वीसातले अठरा. तो कागद मी जपून ठेवला आहे.

वाटण्याआधी एक चतुर्थांश राखीव ठेवा. बाहेरचं भांडवल येणार नाही हे आधी सांगितलंच. कोर्टांच्या उन्हाळी सुटीत जमा आटते, ज्युनियरांचे पैसे मात्र द्यावेच लागतात. चार महिन्यांचा खर्च राखीव झाला की फर्म शांतपणे श्वास घेते.

सातवी पायरी: माणसं

वकिली करत असताना कोणाचाही पूर्णवेळ पगारी नोकर होता येत नाही, म्हणून फर्ममधले सहयोगी वकील पगारावर नसून ठरलेल्या मासिक फीवर असतात आणि त्यावर व्यावसायिक फीप्रमाणे कर कापला जातो. हे लेखी द्या: रक्कम, रजा, स्वतःची कामं घेता येतील का, सोडताना किती दिवसांची सूचना. ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियानं ज्युनियरांना शहरी भागात किमान २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार महिना द्यावा अशी शिफारस केली. ‘आम्हाला कुठे कोणी दिलं होतं’ हे वाक्य मी खूप ऐकते. ज्यांना वडिलांचं ऑफिस नाही, ज्या मुली खरगोनहून येऊन भाड्याच्या खोलीत राहतात, त्या या एका वाक्यामुळे दोन वर्षांत वकिली सोडतात. परवडत नसेल तर तीनऐवजी दोन ज्युनियर ठेवा, पण पैसे द्या.

मुन्शीजींना भविष्य निर्वाहाची काही व्यवस्था करा आणि त्यांच्या डोक्यातलं सगळं कागदावर आणा, त्यांच्या मदतीनं आणि त्यांचा मान राखून.

आठवी पायरी: पेशीची डायरी आणि हितसंबंध

आमच्या पहिल्याच वर्षी एका अपिलाची मुदत अकरा दिवसांनी चुकली. नकल मिळाल्याची तारीख एका भागीदाराच्या डायरीत होती, अपील दुसरा लिहीत होता. जिल्हा न्यायालयात अपिलाला ३० दिवस, उच्च न्यायालयात ९० दिवस, नकल मिळवायला लागलेला वेळ वगळून. उशीर माफ झाला, खर्च आम्ही स्वतः भरला आणि पक्षकाराला जाऊन खरं सांगितलं. व्यापारी दाव्यांत तर लेखी जबाबाला १२० दिवसांनंतर माफी नाहीच.

त्यानंतर एकच सामायिक डायरी. प्रत्येक खटल्याचा सोळा अंकी-अक्षरी सीएनआर क्रमांक (कोर्टाच्या संगणकावरची खटल्याची ओळख), पुढची पेशी, आणि शेवटची मुदत वेगळ्या रंगात. मुदतीची नोंद दोघांनी करायची, एकानं घालायची आणि दुसऱ्यानं कायदा उघडून तपासायची. उच्च न्यायालयाचं इंदूर खंडपीठ, जिल्हा न्यायालय, धार, देवास असं एका दिवशी चार ठिकाणी काम असतं, तेव्हा आदल्या संध्याकाळी सहाला दहा मिनिटं उभ्यानंच बैठक: कोण कुठे जाणार.

नवीन काम घेण्याआधी विरुद्ध पक्षाचं नाव फर्मच्या यादीत शोधा. इंदुरातली मराठी वस्ती तशी ओळखीपाळखीची, राजेंद्र नगरातल्या भावाचं काम एका भागीदाराकडे आणि लोकमान्य नगरातल्या बहिणीचं दुसऱ्याकडे, तेही त्याच घराच्या वाटणीचं, असं सहज होतं. आमचं एकदा होता होता राहिलं. फर्म एक, म्हणजे पक्षकारांची गुपितंही एकच.

आणि वकालतनाम्यावर सगळ्या भागीदारांची नावं आणि सह्या घ्या. छापील नमुन्यातच तिघांची नावं ठेवा. आमच्या सिनियरांच्या ऑफिसात एवढी एक गोष्ट असती तर ते नऊ पक्षकार दुसऱ्या दिवशी एकटे उभे राहिले नसते.

नववी पायरी: जाणं, निवृत्त होणं, मरणं

करारनाम्यात लिहा की भागीदाराच्या मृत्यूनं किंवा निवृत्तीनं फर्म विसर्जित होणार नाही, उरलेले चालवतील. मग हिशोबाचं कलम. हिशोब मिटला नाही तर १९३२ चा कायदा जाणाऱ्याला किंवा वारसांना पुढच्या नफ्यात वाटा किंवा ६ टक्के व्याज मागण्याचा हक्क देतो. वारस वकील नसेल तर पुढच्या फीत वाटा देणं बार कौन्सिलच्या नियमाशी टक्कर घेतं. म्हणून आकडाच ठरवा: भांडवलाची शिल्लक, त्या दिवसापर्यंतचा नफा, आणि झालेल्या कामाची थकलेली फी जशी येईल तशी, अठरा महिन्यांत. नावलौकिकाची किंमत द्यायची असेल तर तीही ठोक रक्कम. आमच्या करारनाम्यात प्रत्येकाच्या नावाची एक बंद पाकिटातली यादीही आहे: कोणत्या फायली, कोणती येणी, कोणते कागद घरी आहेत. दर दिवाळीला ती बदलतो. घरच्यांना पाकीट कुठे आहे ते माहीत आहे.

जिवंतपणी कोणी बाहेर पडत असेल तर जाहीर सूचना द्या, रजिस्ट्रारला, राजपत्रात आणि स्थानिक भाषेतल्या एका वर्तमानपत्रात. ती दिली नाही तर बाहेर पडलेला भागीदार फर्मच्या पुढच्या व्यवहारांना बांधलेला राहू शकतो. पक्षकारांना दोघांच्या सहीचं एकच पत्र पाठवा: अमुक तारखेपासून अमुक वेगळे होत आहेत, आपली फाइल कोणाकडे ठेवायची ते कृपया कळवा. निर्णय पक्षकाराचा. त्याला फोन करून ओढायचं नाही. उत्तर आलं की नवा वकालतनामा, जुन्यातून कोर्टाच्या परवानगीनं माघार, पक्षकार अनामतीतली शिल्लक नव्या वकिलाकडे किंवा पक्षकाराकडे, आणि फाइल सोपवताना पानांचे आकडे घालून पोच.

आमच्याकडून मागच्या वर्षी एक भागीदार वेगळी झाली, उज्जैनला, सासर तिकडचं म्हणून. तिच्या हातच्या बेचाळीस फायलींपैकी एकोणीस पक्षकार तिच्याबरोबर गेले, बावीस आमच्याकडे राहिले, आणि एका आजोबांनी दोघांकडे अर्धी अर्धी फाइल ठेवा असं लिहून पाठवलं. त्यांना समजावायला ती आणि मी दोघी मिळून त्यांच्या घरी गेलो.